वरतोंडी मिरचीचं बी

खडवलीचा पूल ओलांडला आणि प्रेमाने पुन्हा रस्ता सोडला. सोबतीण दहा-बारा पावलं पुढे गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण एकटीच बोलतोय. वळून पाहते तर प्रेमा कुणाच्या तरी कुंपणाची काटी हाताने बाजूला सारून परसात अर्धी वाकलेली. पहाटे साडेचारला वाशिंदहून निघाल्यापासून ही तिसरी खेप. पौषातली अंगारकी, नदीवरचं गार वारं अंगाला झोंबत होतं. टिटवाळ्याच्या गणपतीला पायी निघालेल्या बायकांचे घोळके "चला गो, रांग वाढंल" म्हणत केव्हाच पुढे गेले होते, आणि ही बाई लोकांच्या परसातल्या मिरच्या बघत होती.

"कोन हाय गो तिकडं?" आतून एका म्हातारीने विचारलं.

"कोन नाय आजी, मिरच्या बगते. वरतोंडी हाय का तुमच्याकडं?"

म्हातारी म्हणाली, तसली आता कोण लावतंय, ती लहान होती तेव्हा असायची. मग हिच्या हातातलं नारळाचं तबक पाहून म्हणाली, "बाप्पाला मोदक ने गो बाय. मिरच्या नेशील तर तो उंदरावर बसून पळंल."

सोबतीण हसली. प्रेमा हसली नाही. त्या परसातल्या मिरच्या खाली लोंबणाऱ्या होत्या, तिला तेवढंच दिसलं. काटी जागेवर लावून ती रस्त्यावर आली आणि मागून कुणी हाकलतंय अशी चालू लागली. तिला तशीच चालायची सवय आहे. घरातही ती बसलेली कधी दिसत नाही.

सोबतीण म्हणजे हे लिहिणारी. वाशिंदच्या त्याच इमारतीत, प्रेमाच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहते. प्रेमाचं जे इथे सांगितलंय ते बरंचसं त्या दिवशी चालता चालता कळलेलं, काही आधीचं, डोळ्यांनी पाहिलेलं.

प्रेमा मेंगाळ मुरबाडकडच्या वैशाखऱ्याची, ते तिचं सासर. माहेर तिथून वर, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत. त्यांच्या माणसांत एक रीत आहे. मुलगी सासरी निघाली की आई तिच्या ओटीत घरचं बी बांधून देते. कुणाकडे वरईचं, कुणाकडे काकडीचं, कुणाकडे वालाचं. प्रेमाच्या माहेरी मिरचीचं. दोन पेरांएवढी मिरची, झाडावर आभाळाकडे तोंड करून उभी राहते, म्हणून वरतोंडी. एक मिरची ठेचली की चार माणसांचं कालवण झोंबतं. हे बी विकत नाहीत, परक्याला देत नाहीत. आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला, एवढाच त्याचा रस्ता. प्रेमाला तिच्या आईने अठ्ठावीस वर्षांपूर्वी दिलं. आता तिच्या रविनाचं लग्न माघात, पाच आठवड्यांवर आलेलं. दिवाळीच्या आधी सुपारी फुटली त्या दिवशी मुलाच्या आईने सगळ्यांसमोर विचारलंसुद्धा, पोरीच्या वटीत बी कसलं येणार? प्रेमाने छातीला हात लावून सांगितलं, मिरचीचं, माझ्या आयेचं.

आणि ते बी आता तिच्याकडे नव्हतं.

गावात असताना मिरचीकडे तिला कधी बघावंसुद्धा लागलं नव्हतं. परसात न्हाणीच्या पाण्यावर चार झाडं उभी असायची. मग वैशाखात नवरा, महादू, गेला. त्या पावसाळ्यात तिने मातीत हात घातला नाही. वर्षश्राद्ध झालं आणि मुलगा रोशन तिला वाशिंदला घेऊन आला. तो तिथे एका कंपनीत पाळीवर कामाला. तिसऱ्या मजल्यावरची जागा, तो, त्याची बायको दिपाली आणि आता आई. रविना मुरबाडला एका दवाखान्यात काम करते आणि मैत्रिणीबरोबर तिथेच राहते. निघताना प्रेमाने दोन गोण्या माती एसटीत चढवली. रोशन म्हणाला, आये, तिकडं काय माती नाय काय? तिकडे खरंच नव्हती. फरशी होती, आणि इमारतीच्या मागे बांधकामाचा राडारोडा.

मातीबरोबर तिने भोपळ्याचा सुका तुंबा आणला होता. त्यात राखेत घोळवलेलं बी. मिरचीचं बी फार दम धरत नाही. दोन वर्षं बरं, तिसऱ्या वर्षी त्याचा भरवसा नाही. म्हणजे ते सांभाळायचं तर लावतच राहावं लागतं, जागा असो नसो.

मृगावर तिने रंगाच्या बादल्या आणि मासळीवाल्यांकडचे थर्माकोलचे खोके भरून गॅलरीत मांडले. तुंब्यातलं जवळजवळ सगळं बी पेरलं. तेवीस रोपं आली. दोन दिवसांत कबुतरांनी चौदा उपटली. रोशनने जाळी बसवून घेतली. मग उन्हाचा प्रश्न. गॅलरीत ऊन दहापर्यंत, पुढे ते स्वयंपाकघराच्या खिडकीत जाई, दुपारी जिन्याच्या वळणावर. प्रेमा नऊ बादल्या घेऊन त्या उन्हामागे घरभर फिरायची. दिपाली म्हणायची, आई, तुमची रोपं माझ्यापेक्षा जास्त फिरतात.

मग पानं वाकडी होऊ लागली. बोकड्या पडला. तिने आंबट ताक शिंपडलं, राख फुंकली, हिंगाचं पाणी दिलं. घराला ताकाचा वास सुटला. दिपालीने नाक धरून विचारलं, "माणसाची दृष्ट मिरचीनं काढतात. मिरचीला लागली तर कशानं काढायची हो आई?" प्रेमाला त्या दिवशी हसू आलं असावं, कारण ही गोष्ट ती अजून सांगते. पण रात्रीत दोनदा उठून ती पानं चाचपायची. पाच झाडं गेली. चार राहिली.

चारांना फूल आलं आणि गळलं. पुन्हा आलं, पुन्हा गळलं. जाळीतून कबुतर येईना, तशी माशीही येईना. दिपालीने मोबाइलवर बघून सांगितलं, मधमाशीचं काम आपण करायचं, मऊ काही तरी घेऊन या फुलावरून त्या फुलावर फिरवायचं. घरात ब्रश नव्हता. प्रेमाने देवघरातली फुलवात घेतली.

सोबतिणीची आणि तिची ओळख त्याच दिवसांतली. वरच्या बादल्यांचं तांबडं पाणी खाली वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळावर ठिबकलं, तेव्हा ते पातळ हातात घेऊनच ती जिना चढली. दार उघडं होतं. गॅलरीत एक बाई फुलवात हातात धरून झाडासमोर वाकलेली, ओठ हलताहेत. पूजा चाललीय असं वाटून सोबतीण गप्प उभी राहिली. चांगली पाच-सात मिनिटं. शेवटी तोंड उघडलं तर ती बाई मागे न बघताच म्हणाली, "हळू बोला ताय. फुलं गळतात." ओठ हलत होते ते ती फुलं मोजत होती म्हणून. पातळाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी प्रेमा येऊन ते स्वतः धुऊन देऊन गेली.

त्या साली मिरच्या धरल्या. आधी अकरा, मग झाडाला खंड पडेना. आभाळाकडे तोंड करून लालभडक उभ्या. इमारतीतल्या बायका बघायला यायच्या. प्रेमाने बी काढून घेऊन घरोघर दोन-दोन दिल्या, पण कुणाच्या हातात नाही. ताटलीत ठेवायची आणि ताटली पुढे सरकवायची. मिरची हातात दिली की भांडण होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण ती ते फारच कडक पाळते. त्याचं कारण पुढे कळलं.

आणि त्याच साली ती चूक झाली. दिपालीला तिखट सोसत नाही. तिने नर्सरीतून ढोबळी मिरचीचं एक रोप आणून शेजारी ठेवलं. त्यालाही फुलं आली. प्रेमा रोज सकाळी आंघोळ करून आपल्या झाडांवरून वात फिरवायची. शेजारी सुनेचं झाड बिनफळाचं उभं, ते तिला बघवेना. आपल्याच्याला भरायचं आणि सुनेच्याला वांझ ठेवायचं, हे कुठल्या सासूला शोभतं? तिने तीच वात त्याच्यावरूनही फिरवली आणि परत आपल्यावर आणली. महिनाभर, न चुकता, देवाचं नाव घेऊन.

दिपालीच्या झाडाला चार ढोबळ्या मिरच्या आल्या. तिने त्यांची भाजी केली आणि सासूला पहिला घास दिला. दोघींचं इतकं गूळपीठ पूर्वी कधी नव्हतं.

उन्हाळ्यात आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पितरांना पाणी द्यायला प्रेमा वैशाखऱ्याला गेली, घराची कौलं फुटली होती ती नीट करेपर्यंत बारा दिवस लागले. दिपालीने झाडांना रोज पाणी घातलं, पण कामं आवरून दुपारी, गच्चीवरच्या टाकीचं, चटका बसेल असं. प्रेमा परत आली तेव्हा चारही जुनी झाडं काडी झाली होती. ती सुनेला काही बोलली नाही. बी तर राखून ठेवलं होतं, मूठभर. मृगावर नव्याने पेरलं. कबुतरांसाठी जाळी होती, उन्हाचं वेळापत्रक पाठ होतं, बोकड्या येण्याआधीच ताक तयार होतं. झाडं अशी फोफावली की प्रेमा सगळ्यांना सांगत सुटली, आता मी बिल्डिंगीत पन मिरची करून दाखवली.

दिवाळीच्या आठवड्यात फळं धरली. वाघबारशीला वाघोबाच्या नैवेद्याला ती दरवर्षी भाकरीवर मिरची ठेवते, तेव्हा तोडायला गेली. मिरच्या खाली लोंबत होत्या. जाड, आखूड, खांदे फुगलेल्या. तिला वाटलं अजून कोवळ्या आहेत, आठवड्यात माना वर करतील. केल्या नाहीत. एक चावून पाहिली. तिखट होती, पण उशिरा लागलं, आणि मागून गोडसर काही तरी. ती गॅलरीत जी उभी राहिली ती रोशन पाळीवरून येईपर्यंत उभीच.

कारण दिपालीने शोधलं. मोबाइलवर वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. तिने सासूला सांगितलं, की शेजारचा पराग लागला तर फळ तेच दिसतं, पण आतलं बी मिश्र होतं. "माझ्याच झाडानं केलं," म्हणाली. प्रेमा म्हणाली, "तुझ्या झाडानं नाय गो. माज्या वातीनं." आणि वर म्हणाली, देवाची वात भलत्या कामाला घेतली, तेव्हाच कळाया पायजे होतं. सोबतिणीला हे काही पटलेलं नाही. कुणाचं झाड वांझ राहू नये म्हणून फिरवलेल्या वातीवर देव रागावत नसतो. पण ते बोलून उपयोग नव्हता.

तुंब्याच्या तळाला राखेत जुनं बी चिकटलेलं होतं. खरवडून अकरा दाणे निघाले. प्रेमाने ते ओल्या फडक्यात बांधून, उबेसाठी कमरेला खोचून पंधरा दिवस बाळगले. एकालाही कोंब फुटला नाही. मग तिचे बाजार सुरू झाले. मुरबाडचा बाजार, टोकावड्याचा, शहापूरचा. वाटे मांडून बसलेल्या बायकांना विचारायची, वरतोंडी हाय का. लवंगी मिळाली, काळी मिळाली, कसली कसली मिळाली. रविना फोनवर म्हणायची, आये, कुठलंपन दे, मी त्यांना सांगते आजीचंच हाय. प्रेमाने त्यावर फोनच ठेवून दिला. हे मिश्र बी लेकीच्या सासरी रुजलं आणि एका झाडाला एक, दुसऱ्याला दुसरंच लागलं, तर तिथली माणसं म्हणतील की हिच्या आईने तोंडावर खोटं सांगितलं. सुपारीच्या दिवशी छातीला हात लावला होता तो तिचा तिला छळत होता.

"मग माहेरी नाही का?" सोबतिणीने चालता चालता विचारलं. साधा प्रश्न होता. पण प्रेमाचा वेग असा वाढला की सोबतिणीला पदर खोचून धावावं लागलं. रेल्वेचं फाटक लागलं तेव्हा नाइलाजाने थांबली, आणि मालगाडी जाईपर्यंत तिने सगळं सांगितलं.

माहेरी भाऊ रामू आणि त्याची बायको जनी. नऊ वर्षांपूर्वी जनीची झाडं शेळ्यांनी बुडासकट खाल्ली. तिने निरोप धाडला, बी दे. प्रेमा टोकावड्याच्या स्टँडवर पुरचुंडी घेऊन गेली, तर गाडी सुटायला आलेली, जनी आत बसलेली. खाली ठेवायला जागा ना वेळ. प्रेमाने खिडकीतून पुरचुंडी तिच्या हातात कोंबली. जनी खिडकीतून हसत म्हणाली, "वन्स, हातात दिलात. आता आपलं भांडान बगा."

दोन महिन्यांनी आई गेली. प्रेमाला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. ती पोहोचली तेव्हा राख निवली होती. तिने अंगणात, साऱ्या वाडीसमोर, जनीला नको ते ऐकवलं. मुद्दाम कळवलं नाहीस म्हणाली. तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन तर आयेच्या चितेची आण, म्हणाली. आणि निघून आली. पुढे महिन्याभराने महादूने कबूल केलं की रामूने चार फोन केले होते, पण त्याचाच मोबाइल रानात बंद पडून होता. चूक हिच्या घरची. ती हे नऊ वर्षं जाणून होती आणि नऊ वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"बी तिच्याकडं असंल का जिवंत, ते पन ठाव नव्हतं," प्रेमा म्हणाली. "चार दिसांमागं दिपालीनं दाखवलं."

दाखवला तो एक फोटो. रामूचा मुलगा ओमकार, त्याने नवी मोटरसायकल घेतली आणि अंगणात तिच्यावर बसून फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला लावला. दिपाली तो बघत होती. एकदम तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, ओमकारला बाजूला सारलं, मोटरसायकलही बाजूला सारली, आणि मागच्या न्हाणीजवळचं झाड सासूपुढे धरलं. लाल ठिपके, सगळे वर तोंड करून.

त्या चार दिवसांत प्रेमाला झोप नव्हती, हे खालच्या मजल्यावर कळत होतं. वर पावलांचा आवाज थांबतच नव्हता. आणि आज रस्त्याने परसं का धुंडाळत होती तेही आता कळलं. दुसऱ्या कुणाकडे सापडलं असतं तर जनीपुढे हात पसरावा लागला नसता.

टिटवाळ्यापर्यंत आणखी दोन परसं लागली. दोन्हीकडे ती वाकली. दोन्हीकडच्या मिरच्या खाली बघत होत्या.

देवळाची रांग तलावाच्या कडेपर्यंत आली होती. रांगेत ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मध्येच वळून म्हणाली, "ताय, एक काम कराल माजं? सोमवारी मुरबाडची गाडी धरू. टोकावड्याला उतरायचं, तिथनं वाडी दीड तास. नदीपोत मी येते. पुढं तुमी जा. मला आण हाय."

सोबतिणीने विचारलं, जाऊन काय सांगू?

"सांगा वाशिंदची बाई हाय. मिरचीची आवड हाय, फोटोत बगितली, म्हनून आले. माजं नाव नको."

देवाच्या दारात उभं राहून खोटं बोलायचं ठरवणं सोबतिणीला बरं वाटेना, आणि नाही म्हणणंही जमेना. परक्याला ते बी देत नाहीत हे प्रेमानेच सांगितलं होतं, तेही तिला आठवलं. रांग सरकली. दूर्वा, जास्वंद, घंटांचा आवाज. प्रेमाने नारळ दिला, डोकं टेकलं आणि नेहमीसारखी घाईने उठली नाही. मागच्या बाईने खांद्याला हात लावला तेव्हा हलली.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. पहाटेपासून पहिल्यांदा. कपाळावरचा शेंदूर नाकावर ओघळला होता, तो तिने पुसला नाही. प्रसादाच्या नारळाचा तुकडा हातात धरून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"ताय," ती म्हणाली, "नाव सांगा माजं. प्रेमानं मागितलंय म्हना, रविनाच्या वटीसाठी. आनि फोनचं पन सांगा. आमचाच बंद होता, त्यांनी केलावता, असं तिच्या अंगनात सांगा, रामूच्या म्होरं. मोठ्यानं सांगा, शेजारी ऐकतील असं. मी बोलले तवा समद्यांनी ऐकलं होतं."

सोबतिणीने मान हलवली.

प्रेमा उठली, पदर सावरला, दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा मागे आली.

"आनि ती देईल ना, तर हातात घेऊ नका. खाली ठेव म्हना. तिनं ठेवलं की मग उचला."